आधी काय, मग काय? : वागण्याच्या क्रमाचे गणित

बीदर जिल्ह्यातील एखाद्या आठवडी बाजारात घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट कोणाच्याही ध्यानात येते. गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, दुकानदार कन्नडमध्ये उत्तर देतो, शेजारचा विक्रेता दखनी उर्दूत आपले मत मध्येच सांगून टाकतो आणि व्यवहार बिनबोभाट पार पडतो. तीन भाषा झाल्या, परंतु गोंधळ झाला नाही. याचे कारण असे की त्या बोलण्याला एक क्रम असतो. कोणी विचारले की कोणी उत्तर द्यायचे, भाव सांगितला की मग घासाघीस करायची, नकार आला की पाय मागे घ्यायचा आणि पुन्हा हाक आली की परत फिरायचे, हे सर्वांना न शिकविता ठाऊक असते. माणसांचा परस्परांशी चालणारा व्यवहार हा असा एकामागून एक पडणाऱ्या पावलांचा बनलेला असतो. या पावलांची मोजदाद करून त्यांच्या क्रमातील नियम शोधण्याचे एक शास्त्र गेल्या शतकात उभे राहिले, आणि आज त्या शास्त्राच्या हाताशी संगणकही आहे. त्याचा उपयोग सीमाभागातील लोकांना, विशेषतः तेथील शाळांना, कसा होऊ शकेल याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हा भाग बहुभाषिक कसा झाला, हे सर्वश्रुतच आहे. जुन्या हैदराबाद संस्थानात बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे मराठवाड्याच्या जिल्ह्यांना लागून नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उरलेल्यापैकी बराचसा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. गुलबर्ग्याचे नाव २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले. नकाशावरील रेघ एका दिवसात ओढता येते, परंतु लोकांच्या जिभेवरील भाषा अशी वाटून देता येत नाही. हुमनाबादजवळील माणिकनगरचे माणिकप्रभू यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा अनेक भाषांतून पदे रचली. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला आजही तेथे आपली भाषा परकी वाटत नाही. औराद, भालकी, बसवकल्याण या बाजूस मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या शेजारी कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत, आणि तांड्यांवर लंबाणी बोलली जाते. अशा गावातील शाळेत एका वर्गात बसलेली मुले घरून वेगवेगळी भाषा घेऊन येतात आणि पुस्तकातील भाषा ही त्यांच्यापैकी पुष्कळांना थोडीफार तरी नवीच असते.

या वर्गात एखादे मूल गप्प बसते. शिक्षक प्रश्न विचारतात, मूल उत्तर देत नाही. वर्ष संपता संपता त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा मनातल्या मनात का होईना, पण पडतो. हा शेरा खरा की खोटा, हे कसे ठरवावे? त्या मुलाने महिन्यात किती वेळा उत्तर दिले, एवढे मोजून ते ठरत नाही. ते कशानंतर गप्प बसते आणि कशानंतर बोलते, हे पाहावे लागते. संख्या आणि क्रम यांतील हा भेद समजला, की या शास्त्राचे अर्धे मर्म हाती आले.

हा भेद पहिल्यांदा गणिताने स्पष्ट केला तो रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी. १९१३ साली त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्याची पहिली २०,००० अक्षरे घेतली आणि त्यांतील स्वर व व्यंजने हाताने मोजली. एकूण अक्षरांपैकी सुमारे ४३ टक्के स्वर होते. एवढ्यावर थांबले असते तर त्यात विशेष काही नव्हते. परंतु त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : स्वरानंतर पुन्हा स्वर किती वेळा येतो, आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा येतो? उत्तर आले ते असे : स्वरानंतर स्वर सुमारे १३ टक्के वेळा, तर व्यंजनानंतर सुमारे ६६ टक्के वेळा. म्हणजे मागील अक्षर कोणते हे कळले की पुढच्या अक्षराविषयीचा अंदाज पार बदलून जातो. नुसत्या सरासरीत हे रहस्य दडून राहिले होते, क्रमाने ते उघड केले.

जे अक्षरांना लागू पडते ते माणसांच्या वागण्यालाही लागू पडावे, हा विचार पुढे समाजशास्त्रज्ञांनी उचलला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट बेल्स यांनी १९५० साली लहान गटांच्या चर्चेचे निरीक्षण करण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. चर्चेतील प्रत्येक उद्गार बारा प्रकारांपैकी एकात बसवायचा : मत देणे, माहिती विचारणे, सहमती दाखविणे, विरोध करणे, इत्यादी. त्यानंतर नेड फ्लँडर्स यांनी अशीच एक पद्धत शाळेच्या वर्गासाठी तयार केली. तिचे नाव भारतातील शिक्षकांना अपरिचित नाही, कारण आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांतून ती अनेक वर्षे शिकविली गेली.

फ्लँडर्स यांची रीत अशी. वर्गात मागे बसलेला निरीक्षक दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहितो. शिक्षकांच्या बोलण्याचे सात प्रकार : मुलाच्या भावना समजून घेणे, शाबासकी देणे, मुलाने मांडलेली कल्पना स्वीकारून पुढे नेणे, प्रश्न विचारणे, व्याख्यान देणे, आज्ञा करणे आणि रागे भरणे. विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे दोन प्रकार : विचारल्यावर उत्तर देणे आणि आपण होऊन बोलणे. दहावा प्रकार शांततेचा किंवा गोंधळाचा. वीस मिनिटांच्या तासाचे असे ४०० आकडे होतात. मग पहिला आकडा व दुसरा, दुसरा व तिसरा, तिसरा व चौथा अशा जोड्या लावून त्या दहा उभ्या आणि दहा आडव्या घरांच्या तक्त्यात मांडायच्या. प्रश्नानंतर उत्तर किती वेळा आले, उत्तरानंतर शाबासकी किती वेळा मिळाली, उत्तरानंतर रागे भरणे किती वेळा झाले, हे सारे त्या तक्त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते. फ्लँडर्स यांनी अमेरिकेतील वर्गांविषयी एक ढोबळ नियमही सांगितला होता : वर्गातील दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते, त्यातील दोन-तृतीयांश वेळ शिक्षकच बोलत असतात, आणि शिक्षकांच्या बोलण्यातील दोन-तृतीयांश भाग व्याख्यान, आज्ञा किंवा दटावणी यांत जातो.

ही सारी मेहनत हाताने करावयाची म्हणजे मोठेच काम. एका तासाचा तक्ता भरण्यात दुसरा तास सहज जाई, आणि लगतच्या दोन पावलांपलीकडे पाहायचे म्हटले की माणूस थकून जाई. प्रश्नानंतर लगेच काय झाले, एवढेच पाहून भागत नाही. दोन पावलांनंतर काय झाले, पाच पावलांनंतर काय झाले, हेही पाहावे लागते. असा शोध घेण्याची रीत १९७० च्या दशकात जीन सॅकेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडली. पुढे रॉजर बेकमन आणि जॉन गॉटमन यांनी १९८६ साली परस्परव्यवहाराच्या निरीक्षणावर एक पाठ्यग्रंथ लिहून हे शास्त्र विद्यार्थ्यांच्या हाती दिले. तोवर संगणक प्रयोगशाळेतून टेबलावर आला होता. अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे बेकमन आणि बार्सिलोना विद्यापीठाचे विसेंस केरा यांनी मिळून दोन गोष्टी तयार केल्या व १९९५ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. पहिली गोष्ट म्हणजे निरीक्षणे लिहून ठेवण्याची एक ठरीव लिपी, तिचे नाव एसडीआयएस. दुसरी गोष्ट म्हणजे ती लिपी वाचून क्रमाचे गणित करणारे सॉफ्टवेअर, त्याचे नाव जीएसईक्यू.

या लिपीचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. एक निरीक्षक नुसता घटनांचा क्रम लिहितो, दुसरा प्रत्येक घटना किती वाजून किती सेकंदांनी सुरू झाली व संपली हे लिहितो, तिसरा दर दहा सेकंदांच्या घरात काय काय घडले त्याच्या खुणा करतो. तिघांच्या वह्या तीन तऱ्हांच्या. त्या एकमेकांशी ताडून पाहायच्या तर आधी त्यांना एक व्याकरण हवे, आणि ते या लिपीने दिले. आता याच घराण्यातील आणखी साधने उपलब्ध आहेत. नेदरलँड्समधील लुकास नोल्डस यांच्या ‘ऑब्झर्व्हर’ या सॉफ्टवेअरचे वर्णन १९९१ साली प्रसिद्ध झाले. इटलीतील तुरीन विद्यापीठाच्या ऑलिव्हिए फ्रिआर व मार्को गाम्बा यांनी २०१६ साली ‘बोरिस’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर जगापुढे ठेवले. चित्रफीत पाहता पाहता कळ दाबून घटना नोंदविण्याचे काम त्यात होते. नेदरलँड्समधीलच नायमेगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेचे ‘एलान’ हे विनामूल्य साधन भाषाशास्त्रज्ञांच्या विशेष उपयोगाचे आहे. कोण केव्हा बोलले, कोणत्या भाषेत बोलले, हावभाव कोणते केले, हे त्यात ध्वनी व चित्र यांच्या खाली वेगवेगळ्या ओळींत लिहिता येते.

आता हे गणित नेमके कसे चालते ते पाहू जाता एक कल्पित उदाहरण घेणे सोयीचे होईल. समजा, भालकी तालुक्यातील एका मराठी शाळेतील काही तासांचे निरीक्षण केले आणि त्यांत शिक्षकांनी ६० प्रश्न विचारले. त्यांपैकी ३० प्रश्नांना मुलांनी उत्तर दिले, ३० तसेच राहिले. निम्मी मुले अभ्यास करीत नाहीत, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु आता प्रश्नानंतरचे पाऊल पाहावे. समजा, ४० प्रश्नांनंतर शिक्षक क्षणभरच थांबून पुढे बोलू लागले, आणि २० प्रश्नांनंतर ते तीन सेकंद किंवा अधिक थांबले. न थांबता विचारलेल्या ४० प्रश्नांना १२ उत्तरे आली, थांबून विचारलेल्या २० प्रश्नांना १८ उत्तरे आली. थांबण्याचा आणि उत्तराचा काहीच संबंध नसता तर पहिल्या गटात २० आणि दुसऱ्या गटात १० उत्तरे अपेक्षित होती. जीएसईक्यूसारखे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष संख्या आणि अपेक्षित संख्या यांतील हे अंतर एका प्रमाणित मापाने मोजते. हे माप दोनच्या आसपास असेपर्यंत योगायोगाची शंका धरता येते. वरील उदाहरणात ते सुमारे ४.४ येते, म्हणजे निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता अगदीच थोडी. दोष मुलांच्या बुद्धीत आहे, असे जे वाटत होते, त्याचे मूळ दोन सेकंदांच्या घाईत असण्याचा संभव येथे दिसू लागतो.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील गोष्ट कल्पित नाही. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरीने एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंद किंवा अधिक केला की मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात, उत्तर न येण्याचे प्रमाण घटते आणि मुले आपण होऊन अधिक बोलू लागतात. ज्या मुलाला प्रश्न आधी आपल्या घरच्या भाषेत मनात फिरवून मग पुस्तकी भाषेत उत्तर जुळवावे लागते, त्याला त्या तीन सेकंदांचे मोल किती असेल, हे सीमाभागातील शिक्षकाला निराळे सांगावयास नको.

येथपर्यंत यंत्राचे गुणगान झाले. परंतु यंत्राला दिसत काहीच नाही, हेही तितकेच खरे. माणसाने ज्याला नाव दिले तेवढेच ते मोजते. म्हणून सगळा भार पडतो तो प्रकार ठरविण्यावर. फ्लँडर्स यांच्या दहाव्या घरात शांतता व गोंधळ एकत्र आहेत. वरील उदाहरणात तीन सेकंदांची जी शांतता उत्तराला जन्म देते ती, आणि वर्गात कोणाचेच लक्ष नाही म्हणून पसरलेली शांतता, या दोन्ही तेथे एकाच आकड्याखाली जातील. बहुभाषिक वर्गात तर अडचण आणखी वाढते. शिक्षकांनी मराठीत विचारले आणि मुलाने ‘हौदु’ म्हणून मान डोलावली, तर ते उत्तर झाले की नाही? शेजारच्या मुलाला त्याने लंबाणीत काही विचारले, तर ती बडबड समजायची की प्रश्नाचा अर्थ लावण्याची धडपड? ‘अक्का’, ‘अण्णा’ ही हाक मराठी की कन्नड? सॉफ्टवेअर यांपैकी एकाही प्रश्नाचा निकाल देणार नाही.

याबाबत महाराष्ट्राच्या सीमेवरील एका गावाचा दाखला उद्बोधक आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी केला आणि तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा शतकानुशतके शेजारी नांदत होत्या. घरात प्रत्येक समाज आपापली भाषा राखून होता आणि परस्परांशी व्यवहार करताना प्रामुख्याने मराठीचा आधार घेतला जाई. अभ्यासकांना आढळले ते असे की या भाषांचे शब्द निरनिराळे राहिले, परंतु वाक्यांची ठेवण जवळजवळ एक झाली. एका भाषेतील वाक्याच्या जागी दुसरीतील शब्द एकास एक ठेवीत गेले की वाक्य तयार होत असे. अशा गावी कोणी निरीक्षक केवळ शब्द ऐकून ‘येथे भाषा बदलली’ अशी खूण करील, तर बोलणाऱ्याला मात्र आपण काही बदलले याची जाणीवही नसेल. बीदर-कलबुर्गीच्या बाजूला असे निरीक्षण करावयाचे झाल्यास प्रकारांची यादी अटलांटा किंवा तुरीनहून आणून चालणार नाही. ती त्या गावची बोली कानात असलेल्या माणसांनीच तयार केली पाहिजे.

यादी चांगली झाली तरी ती वापरणारे डोळे सारखे हवेत. म्हणून एकच चित्रफीत दोन निरीक्षकांना स्वतंत्रपणे पाहावयास देतात आणि त्यांचे कितपत जुळते ते तपासतात. येथेही साध्या टक्केवारीने फसगत होते. समजा, दोन निरीक्षकांनी १०० क्षण पाहिले आणि प्रत्येकाने त्यांतील १० क्षणी ‘मूल गप्प’ अशी खूण केली. ८० क्षणांविषयी दोघांचे एकमत झाले. ८० टक्के एकमत म्हणजे उत्तम, असे वाटेल. परंतु हिशेब नीट पाहिला तर ते ८० ही क्षण ‘गप्प नाही’ या प्रकारचे निघतात, आणि ‘गप्प’ म्हणून एकाने दाखविलेला एकही क्षण दुसऱ्याला तसा वाटलेला नाही! ज्या गोष्टीसाठी निरीक्षण केले तीविषयीच एकमत शून्य. नुसत्या दैवाधीन खुणा केल्या असत्या तरी येथे ८२ टक्के जुळणी अपेक्षित होती. हा फसवा भाग वजा करून खरे एकमत मोजण्याचे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली दिले. त्याला ग्रीक अक्षरावरून ‘कप्पा’ म्हणतात. पूर्ण एकमत झाले तर ते १ येते, दैवाइतकेच जुळले तर ०. वरील उदाहरणात ते शून्याच्याही खाली जाते. वर्गनिरीक्षणाचा कोणताही अहवाल हाती आला, की त्यात हे माप दिले आहे किंवा नाही हे आधी पाहावे.

आणखी एक सावधगिरी आहे. क्रम सापडला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. याचे उत्तम उदाहरण कर्नाटकातच धारवाडजवळच्या रानात घडले. जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील वानरांच्या टोळ्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. बाहेरच्या नराने टोळीच्या प्रमुखाला हुसकून लावले, त्यानंतर टोळीतील पिल्ले मारली गेली, त्यानंतर त्यांच्या माद्या पुन्हा माजावर आल्या, असा क्रम त्यांना दिसला. क्रमाविषयी वाद नव्हता, वाद झाला तो अर्थाविषयी. दाटीवाटीमुळे किंवा माणसांच्या उपद्रवामुळे बिघडलेले हे वर्तन आहे, असे काहींना वाटले. पुढे राजस्थानातील अबूच्या वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की नव्या नराला स्वतःची संतती लवकर व्हावी, असा या वर्तनाचा जीवशास्त्रीय हेतू आहे. निरीक्षण तेच, क्रम तोच, पण अर्थ लावण्यासाठी आणखी टोळ्या, आणखी वर्षे आणि निराळा विचार लागला. शाळेतील मुलाच्या बाबतीत तर ही काळजी दसपट घेतली पाहिजे. शिक्षक थांबल्यावर मूल बोलते, हा क्रम. ते थांबल्यामुळेच बोलते, की शिक्षक सोप्या प्रश्नापाशीच थांबतात म्हणून बोलते, हे ठरविण्यासाठी शिक्षकांनी मुद्दाम कठीण प्रश्नांनंतरही थांबून पाहिले पाहिजे.

शेवटी प्रश्न उरतो तो या साधनाच्या उपयोगाचा. तपासनीसाच्या हातात असा तक्ता पडला तर तो शिक्षकाला जाब विचारण्याचे हत्यार होऊ शकतो, आणि मग शिक्षक निरीक्षणाच्या दिवशी तीन सेकंद मोजून थांबतील व दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न! फ्लँडर्स यांची पद्धत प्रशिक्षणात रूढ झाली ती मात्र शिक्षकाला आपल्याच तासाचा आरसा दाखविण्यासाठी. आरसा दुसऱ्याने उगारावयाचा नसतो. मुलांच्या चित्रफिती घ्यावयाच्या तर आईबापांची संमती हवी, मुलांची नावे नोंदीत येता कामा नयेत, आणि काम झाल्यावर त्या फिती कोणाच्या हाती राहणार हेही आधीच ठरले पाहिजे. सीमाभागात भाषा हा जिव्हाळ्याचा आणि प्रसंगी वादाचा विषय असल्यामुळे कोणत्या मुलाने कोणती भाषा किती बोलली याच्या आकड्यांचा भलताच अर्थ लावला जाण्याचा धोका आहे, तोही ध्यानी धरला पाहिजे.

परंतु या धोक्यांमुळे मूळ प्रश्न टाकून देणे शहाणपणाचे होणार नाही. सीमेवरील शाळांविषयी बोलताना आजवर माध्यम कोणते, पुस्तके मिळाली की नाहीत, शिक्षकांच्या जागा भरल्या की नाहीत, यांचीच चर्चा होत आली, आणि ती आवश्यकही आहे. मात्र वर्गाचे दार लागल्यावर आत प्रश्नामागून काय येते, उत्तरामागून काय येते, याकडे क्वचितच कोणी पाहिले. त्यासाठी महागडे यंत्र लागते असेही नाही. वर उल्लेखिलेल्या साधनांपैकी काही विनामूल्य आहेत, आणि त्यांच्याविनाही एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून, घड्याळ व चौकटी आखलेला कागद घेऊन, आठवड्यातून वीस मिनिटे खुणा केल्या तरी आरंभ होऊ शकतो. संगणकाचे काम पुढचे, म्हणजे अशा अनेक कागदांची बेरीज करण्याचे. ज्या मुलाला आपण मंद समजत होतो ते तीन सेकंदांनंतर बोलते, एवढी एकच गोष्ट एखाद्या शाळेला त्या कागदावरून कळली, तरी निदान त्या मुलापुरते वर्ष सार्थकी लागेल.